मल्ल्या, तुला आडवं कुणी पाडलं

मल्ल्या, परवा तुझ्या ओसरीत एका माणसानं तुझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. तुला अंघोळ घातली होती, कपाळभर विभूती लावली होती, डोक्याला नवा रुमाल बांधला होता आणि तुमच्या रीतीप्रमाणं भिंतीला टेकवून बसवलं होतं. मान पुढं कलंडू नये म्हणून कपाळावरून पांढरी पट्टी घेऊन ती मागच्या खुंटीला बांधली होती. हा गडी आला, तुझ्या पाया पडला, मग तुझ्या शेजारी मांडी ठोकून बसला, खांद्यावर हात टाकला आणि दात काढले. समोरचा त्याला म्हणाला, "आजून एक." मी उठून तुझ्या गोठ्यामागं जाऊन थुंकून आलो.

परत येतो तर भजन थांबलेलं. कुणाच्या तरी खिशात फोन वाजत होता आणि त्यातून तूच ओरडत होतास, "कामून? आरं कामून? कामून मारायलास रं मला?" आणि त्यामागून टीव्हीवाल्यांचं ते आधीच भरून ठेवलेलं डब्यातलं हसू. तू समोर ओठ मिटून बसलेला आणि तुझा आवाज एका माणसाच्या पँटच्या खिशातून येतोय. त्या माणसाला फोन लवकर सापडेना. दोघं-चौघं फिसकन हसले. हसले तर हसले, पण हसल्यावर त्यांनी काय केलं ते मी बघितलं. त्यांनी तुझ्या तोंडाकडं बघितलं. सकाळपासून सगळं गाव अधूनमधून तुझ्या डाव्या डोळ्याकडं बघत होतं, तो उघडतोय का म्हणून.

आता हे कशामुळं, ते तुला सांगायची गरज नाही. पण हे दुसरेही वाचणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. तू सवयीप्रमाणं मधे तोंड घालू नकोस.

मी ठाणाकुशनूरहून खटकचिंचोळीला मामाकडं शिकायला आलो, तेव्हा आपली नुकतीच ओळख झाली होती. एका सकाळी मी तुला शाळेला बोलवायला आलो. रात्री तुझे आज्जा वारले होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवतात आणि जाळतात. तुमच्यात बसवतात, पालखीसारख्या सजवलेल्या विमानातून बसल्या बसल्या नेतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात, हे मला कुठं ठाऊक होतं? आज्जा ओसरीत नवा रुमाल बांधून ऐटीत बसलेले, समोर सगळं घर बसलेलं. मला वाटलं, कुणाची तरी सोयरीक जमतेय. मी रिवाजाप्रमाणं विचारलं, "आज्जा, जेवलाव का?" आज्जा बोलेनात. कानानं कमी ऐकतात हे ठाऊक होतं, म्हणून जवळ गेलो आणि कानाशी ओरडलो, "जेवलाव का म्हनलं!"

आधी तुझी आत्या हसली. पदर तोंडात कोंबूनही तिला आवरेना. मग तुझे अप्पा, मग टाळ घेऊन बसलेले दोघं. हसता हसताच आत्यानं हंबरडा फोडला, "न्हाई रं लेकरा, आता कुठलं जेवन त्यांचं." रात्रीपासून ती दगडासारखी बसून होती, तिचं रडं तेव्हा फुटलं, असं तुझी आई पुढं कितीतरी वर्षं सांगायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तू मात्र खांबाला धरून हे सगळं टक लावून बघत होतास. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मला म्हणालास, "तू इचारलास तवा आज्जा बी हसायले होते. मी बघितलो."

त्यातून आपलं 'धन्याचं सोंग' झालं. मी तोवर भालकीत मास्तर झालो होतो आणि तू बी-बियाण्याच्या दुकानात बसत होतास. जत्रेत, गणपतीत, कुणी बोलावलं तर लग्नाच्या आदल्या संध्याकाळीही आपण ते करायचो. एक चिक्कू, तिरसट धनी. घरातल्या कटकटीला वैतागून तो मेल्याचं सोंग घेतो, कारण आपल्यामागं कोण रडतं ते त्याला बघायचं असतं. त्याला बसवतात. मग एकेक जण येतो, समोर बसतो आणि गोड बोलतो. जावई म्हणतो, देवमाणूस गेला. सून म्हणते, बापानं केलं नाही एवढं ह्यांनी केलं. धन्याला सगळं ऐकू येतंय आणि नाकावर माशी बसलीय. शेवटी येतो बांधाला बांध लागलेला शेजारी, जन्माचा वैरी. तो म्हणजे मी. मी आलो की तुझ्या तोंडावर शिव्या घालायच्या. बांध कोरला त्याच्या, बैल कोंडला त्याच्या, पोराच्या लग्नात मानाचा नारळ दिला नाही त्याच्या. आणि शिव्या घालता घालता माझाच गळा भरून यायचा, तेव्हा तुझा डावा डोळा हळूच उघडायचा.

तुझे धाकटे चुलते पहिल्यांदा लई तापले होते. "आमी मानसाला बसवतो त्ये तुमच्या तमाशाला न्हाई," म्हणाले. तू त्यांना हाताला धरून आणलंस आणि पुढच्या सतरंजीवर बसवलंस. जावयाची रडारड चालू झाली तसं त्यांचं तोंड सैल पडायला लागलं, आणि डोळा उघडला तेव्हा ते मांडीवर थापा मारत होते. नंतर म्हणाले, "आमच्या समद्या भावकीचा पंचनामा केलास रं." त्यांच्या आशीर्वादानंच ते सोंग तालुकाभर फिरलं.

मल्ल्या, त्या डोळ्यासाठी मी आयुष्यभर तुझा मिंधा आहे, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं मी चांगलं बोलेन याची खात्री नाही. तू डोळा उघडायचास तो कुणाला दाखवून नाही. ढोलकीवर थाप नाही, दिवा नाही, काही नाही. माझ्या शिव्या चालूच असायच्या. बायकांच्या बाजूला कुठंतरी एखादीला तो दिसायचा. ती खुदकायची आणि शेजारणीला कोपर मारायची. तिथून ते हसू बसल्या जागी सरकत सरकत मंडपभर जायचं, आणि सगळ्यात शेवटी मागं मोटारसायकलींवर बसलेल्या गड्यांना कळायचं. प्रत्येकाला वाटायचं, डोळा मीच हुडकून काढला. तू थांबायचास. आख्खा मंडप येऊन पोचेपर्यंत तू पापणीसुद्धा हलवायचा नाहीस. मी समोरून बघायचो आणि मला वाटायचं, हा माणूस आता श्वास तरी घेतोय की नाही.

ते मला इतकं आवडलं की मी त्याची गोष्ट लिहिली. दिवाळी अंकात छापूनही आली. तू दुकानात गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून ती वाचलीस, घडी घातलीस आणि म्हणालास, "गुर्जी, तुझ्या गोष्टीत मेलेला मानूस लई बोलतो." आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. खरं होतं तुझं. कागदावर डोळा उघडायचा कसा? 'त्यानं डोळा उघडला' असं लिहिलं की झालं, सगळ्यांना एकदमच कळलं. वाचणारा एकटा असतो, कोपर मारायला त्याच्या शेजारी कुणी नसतं. म्हणून मी धन्याच्या डोक्यात शिरलो. तो स्वतःला गावचा राजा समजतोय आणि वाचणाऱ्याला दिसतंय की त्याच्यासाठी कुत्रंही भुंकत नाही, असं काहीतरी केलं. त्याचंही हसू येतं, पण ते मिटल्या तोंडानं येतं आणि नंतर जरा वेळ जीभ कडू राहते. मी म्हणायचो, हेही हसणंच आहे. तू म्हणायचास, "ज्याचा आवाज येत न्हाई त्ये हसनं कशावरनं?" हे आपलं पहिलं भांडण. ते चहाच्या टपरीवर मिटायचं आणि दुसऱ्या दिवशी टपरीवरच पुन्हा सुरू व्हायचं. फार चांगले दिवस होते ते.

मग ते टीव्हीवाले आले.

कुणीतरी फोनवर आपल्या सोंगाचा व्हिडिओ काढला आणि तो मुंबईपर्यंत गेला. मुंबईहून तुला बोलावणं आलं. तू मलाही घेऊन गेलास. तिथला दिग्दर्शक चांगला, हसतमुख माणूस होता, तेच जास्त वाईट. त्यानं आपली तालीम बघितली आणि विचारलं, "ते गेलेत ना? मग बसलेत का?" तू सांगितलंस. तो म्हणाला, "छान आहे, पण लोकांना कळणार नाही. आपण तिरडीवर घेऊया." मी म्हणालो, अहो, बसलेला आहे म्हणूनच त्यात गंमत आहे. आडव्या माणसापुढं कुणी काहीही बोलतं. बसलेला माणूस घरचा मालक असतो, त्याच्यासमोर खोटं बोलायचं तर त्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. तो म्हणाला, "मस्त मुद्दा आहे सर." आणि तिरडी मागवली.

मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तू म्हणशील की चल गुर्जी, उदगीरची गाडी पकडू. तू तिरडीकडं गेलास, बांबू दाबून बघितलास आणि विचारलंस, "मोडनार तर न्हाई?" सगळे हसले. तू तिथंच झोपलास.

पुढं त्यांनी काय काय केलं ते मला लिहायची किळस येते. शेजाऱ्याचं काम त्यांच्यातल्या एकाला दिलं, त्याला लुगडं नेसवलं आणि शेजारीण केली. ती तुझ्या छातीवर बसून ऊर बडवायची. तुझ्या पोटातून आवाज काढले. माशीच्या जागी कसलासा रबरी उंदीर आणला. डोळा उघडायच्या वेळी कॅमेरा तुझ्या पापणीत घुसला आणि 'टँग' असा आवाज झाला. कुणाला काही हुडकायचं ठेवलंच नाही. वरून ते डब्यातलं हसू. घरी सोफ्यावर बसलेल्या माणसालाही विश्वास नको की कुठं हसायचं ते त्याचं त्याला कळेल. मी पडद्याला नावं ठेवत नाही. पापणीचा केस दिसेल इतकं जवळ जायची सोय त्याच्यापाशी आहे. ते जवळ जाणं धीरानं वापरलं असतं तर तुझ्या त्या न हलणाऱ्या तोंडात मंडपातल्या मागच्या माणसाला कधी दिसलं नाही असंही काही दिसलं असतं. पण धीर कुणाला आहे? तिथं हसू आलं की नाही हे बघायला माणूस नसतो, म्हणून ते आधीच चिकटवून ठेवतात.

आणि सगळ्यात शेवटी आपली बोली. ती शेजारीण अंगावर आली तसं तू घाबरून सहज "कामून?" म्हणालास आणि तिथले तंत्रज्ञ हसले. दिग्दर्शकानं टाळी वाजवली, "हेच हवंय. अजून बोला. जायलाय, करायलाय, सगळं टाका." आणि तू टाकलंस. जरा तोतरं करून, जरा गाल फुगवून, बोबड्या पोरानं बोलावं तसं टाकलंस. आपल्या गावात एक माणूस असं बोलत नाही. तुझ्या आत्याचा हंबरडा ज्या बोलीत फुटला ती बोली तू तिथं शेपूट लावून नाचवलीस.

ती तुझी ओळख झाली. लातूरच्या स्टँडवर, पुण्याच्या हॉटेलात लोक तुला बघून "कामून कामून" करायचे आणि तू दोन्ही हात जोडून तसाच गाल फुगवून दाखवायचास. माझ्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत तेच करायला लागली. आपल्या आईच्या तोंडचा शब्द त्या पोरांना एकाएकी हसण्याजोगा वाटायला लागला. एका पोरीनं मला विचारलं, "सर, आमी येड्यावानी बोलतो का?" मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही, पण तो तास मी मधेच सोडून बाहेर आलो हे आठवतं.

तरी मी म्हणत होतो, मुंबईला जे केलंस ते केलंस, आपल्या माणसांपुढं तू बसशील. मग आपल्याच भागातल्या मन्नाएखेळ्ळीचा कार्यक्रम झाला. हायवेच्या कडेला मोठा मंडप, तुझा फोटो असलेला फलक, दोन्ही बाजूंना मोठे पडदे. मी शेजाऱ्याच्या पागोट्यात विंगेत उभा. तू म्हणालास, "गुर्जी, आज तुझं काम न्हाई. आज टीवीतलं करायलोय. लोकांनी त्येच मागितलंय." आणि तिरडी आली. ज्या लोकांनी आपले बापदादे बसवून मातीत ठेवले, ज्यांना बसलेला माणूस म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती, त्यांच्यापुढं तू आडवा पडलास आणि गाल फुगवून "कामून" म्हणालास. ते हसले. मल्ल्या, ते पहिल्यापेक्षा जास्त हसले. बायकांच्या बाजूनं कोपर मारणं नाही, सरकत जाणं नाही, सगळ्या मंडपाचा एकदम भडका. पडद्यावरचं बघून हसत होते, तुझ्याकडं कुणी बघतही नव्हतं. मी पागोटं विंगेतल्या खुर्चीवर ठेवलं आणि रस्त्यावर येऊन उभा राहिलो.

आपले टपरीवाले मियाँही कार्यक्रम बघायला आले होते, ते तिथं मला म्हणाले, "गुर्जी, लोगां हँस रैं, तुमे कायको मुँह फुलाए?" त्यांनाही मी तोडून बोललो.

दुसऱ्या दिवशी दुकानात तू आणि मी एवढे भांडलो की समोरच्या खताच्या दुकानातले लोक उठून आले. मी म्हणालो, "आपल्याच मानसाला आडवं पाडलास तू." तू म्हणालास, "हसले की न्हाई?" मी म्हणालो, "स्वतःच्या तोंडावर थुकून घेऊन हसले." तू पुन्हा म्हणालास, "हसले की न्हाई त्येवढं सांग." मी म्हणालो, हसू कशातून आलं हे बघायचं की नाही? तू म्हणालास, "पोटातनं आलं. आजून कुठनं येतंय?" आणि मग जे म्हणालास ते मला अजून टोचतं. "तुझ्या गोष्टीला कोन हसलं होतं रं गुर्जी?"

त्यानंतर आपण सोंग केलं नाही. बोलत होतो, म्हणजे पावसापाण्याचं, तुरीचं, तुझ्या गुडघ्याचं. तुझ्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा बिदरच्या दवाखान्यात तू रात्रभर बाकड्यावर बसलास. फक्त त्या एका गोष्टीला आपण दोघांनी वळसा घालायला शिकून घेतलं होतं. मला वाटायचं, एखादे दिवशी तूच विषय काढशील. तुला काय वाटायचं कुणास ठाऊक.

आणि परवा तो फोन बंद झाल्यावर मी पुन्हा तुझ्या ओसरीत शिरलो.

आत जावयानं रडून घेतलं होतं. तालुक्याचे एक पुढारी आले होते. ते तुझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "सीमाभागाचा बुलंद आवाज गेला," आणि मग लोकांकडं वळून, गाल फुगवून, तुझी नक्कल करून "कामून गेलाव अण्णा?" म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. दोघं तर रडले. ज्या व्यापाऱ्यानं तुला दुकानाची जागा खाली करायला लावली होती तो म्हणाला, सख्खा भाऊ गेला. मी दारात उभा राहून हे ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आलं की हे सगळं आपल्या सोंगात मी लिहिलेलं आहे. वाक्यं थोडी इकडची तिकडं, पण क्रम तोच. जावई, सगेसोयरे, मान्यवर. आणि त्याच वेळी एकेक मान माझ्याकडं वळली.

तुला कळलं असेल. शेजारी आला होता. आता त्याची पाळी होती.

कुणीतरी माझ्यासाठी जागा केली. तुझ्यासमोर, अगदी नेहमीच्या अंतरावर. मी बसलो. सगळी ओसरी गप्प झाली, आणि ती शांतता मला ठाऊक होती, ती मंडपातली शांतता होती. एकानं फोन वर धरला. मला तुझ्याशी बोलायचं होतं रे. मला तुला शिव्या घालायच्या होत्या. पण पहिला शब्द काढला असता तर ते हसले असते, आणि माझा गळा भरून आला असता तर त्यांनी तुझ्या डोळ्याकडं बघितलं असतं. मी तुझ्या पायावर डोकं ठेवलं आणि उठून आलो. मागून कुणीतरी निराश होऊन म्हणालं, "कायच बोलले न्हाईत गुर्जी."

काल तुझ्या घरी वहिनीकडं गेलो होतो. नीलम्मावहिनी ज्वारी निवडत बसल्या होत्या. घरात माणसांचा राबता होता, तरी त्यांनी मला आत बोलावलं. मी इकडचं तिकडचं बोलून शेवटी मनातलं विचारलंच. म्हटलं, वहिनी, तो टीव्हीवरचं स्वतःचं बघायचा का? मला काय ऐकायचं होतं ते तुला कळेल. मला ऐकायचं होतं की तू बंद करायचास, तोंड फिरवायचास, एकदा तरी म्हणालास की गुर्जीचं बरोबर होतं.

वहिनी म्हणाल्या, "रोज बघायचे. जेवताना लावायचे. सोताच हसायचे, ठसका लागायचा."

"लाज नाही वाटली कधी?"

"कामून वाटावी?" त्यांनी सुपातून मान वर केली. गाल फुगवून नाही, तोतरं नाही. आपल्याकडं जसा विचारतात तसा साधा प्रश्न. मग त्या म्हणाल्या, "काल तुमी कामून गप बसलाव? मी दाराआडून बघायले होते. म्हनलं आता गुर्जी तरी खरं बोलतील ह्यांच्याशी."

"लोक हसले असते वहिनी."

"म्हंजे तुमी बी लोकांकडंच बघायले होताव की," त्या म्हणाल्या आणि खडा बाजूला टाकला. "साकु, पुरे झालं गुर्जी. चहा घ्या."

चहा घेतला आणि घरी आलो. वाटेत मला त्या फोटोवाल्याची, फोनवाल्याची, पुढाऱ्याची आठवण झाली आणि त्यांच्या रांगेत शेवटी मी उभा दिसलो. तुझ्यासमोर बसून मी मंडप मोजत होतो. इतक्या वर्षांत मला जेवढी शिसारी तुझी आली नसेल, तेवढी काल भालकीच्या बसमध्ये मला माझी आली.

म्हणून हे कागदावर लिहितोय. कागदाला तू नावं ठेवायचास, पण इथं एक सोय आहे. कुणी हसलं तरी मला ऐकू येत नाही.

तर ऐक. तू अधाशी होतास. हसण्याचा आवाज ऐकल्याशिवाय तुला जेवण जायचं नाही, आणि तो आवाज कुठून येतोय हे तू कधी बघितलं नाहीस. देवानं तुला असा धीर दिला होता की अख्खं गाव येऊन पोचेपर्यंत तू पापणी धरून ठेवायचास, आणि तो धीर तू एका 'टँग' आवाजाला विकलास. तू त्या पोरीच्या तोंडचा शब्द तिला परका केलास. माझी भूमिका लुगड्याला देऊन टाकलीस आणि मला विचारलंही नाहीस. माझ्या गोष्टीला कोण हसलं होतं, असं खतवाल्यांसमोर म्हणालास. हसली होती रे माणसं. मुखेडहून एका बाईंचं पत्र आलं होतं. तुला दाखवायचं राहिलं.

मी तुला माफ केलेलं नाही. तू असतास तर तेच विचारलं असतंस, हसले की न्हाई? हसले, मल्ल्या. सगळे हसले. आता मला एकदा विचार की मी का नाही हसलो. एवढ्या भांडणात तेवढं एकच तू मला कधी विचारलं नाहीस, आणि मी बोली, कला, स्वाभिमान असलं काय काय तुला ऐकवत बसलो. ते खोटं नव्हतं, पण पहिलं कारण ते नव्हतं. तुमच्यातल्या माणसाला बसवतात, आमच्यातल्याला आडवं ठेवतात. माझा बाप मी आडवा बघितला, आई आडवी बघितली. मुंबईला तू त्या तिरडीवर पडलास, हात छातीवर घेतलेस, डोळे मिटलेस आणि सगळे हसायला लागले, तेव्हा मला तू मेलेला दिसलास.